अक्कांचा दोडका

अक्का गेल्या तेव्हा मी अंघोळीपुरती घरी आले होते. दवाखान्यातून यांचा फोन आला. "संपलं गं," एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं... मग त्याची लाज वाटली, आणि मग रडू आलं. दीड वर्ष आठवड्यातून दोनदा मी त्यांना डायलिसिसला नेत होते. ज्यांनी असं कुणाला नेलंय, ते तरी मला नावं ठेवणार नाहीत.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. लग्न केलं नाही. पेठच्या सरकारी कचेरीत नोकरी, रोज नाशिकहून एसटीने ये-जा, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगणं, असा वीसेक वर्षांचा नेम. आमचं एकमेकींवर प्रेम आहे असं कुणी म्हटलं असतं, तर दोघीही हसलो असतो. सवय होती, एवढंच आम्ही मानत होतो.

यंदा मे सरत आला आणि त्यांनी एकाएकी मागच्या अंगणात बाग करायचं काढलं. एवढ्या उन्हात कुणी बाग लावतं का, पाऊस तरी पडू दे, असं मी म्हटलं. त्यांचं उत्तर तयार होतं. पेठकडची माणसं पावसाची वाट बघत बसत नाहीत, उन्हाळ्यातच राब भाजतात. म्हणजे जमिनीवर गोवऱ्या आणि पालापाचोळा पसरून पेटवायचा, अन् त्या भाजलेल्या मातीत बी टाकायचं. ते भातासाठी असतं, हे मलाही ठाऊक होतं, पण ऐकतील तर अक्का कसल्या. इंदिरानगरातल्या आमच्या चार हात अंगणात राब भाजला गेला. शेजारच्या काकूंच्या दोरीवरच्या चादरी काळ्या झाल्या, त्या मीच पुन्हा धुऊन दिल्या. अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, खूश.

दोडक्याचं बी टाकलं, ते उगवलंही. अक्कांना डॉक्टरांनी दिवसाचं पाणी मोजून दिलं होतं. घशाला कोरड पडली की त्या रोपांकडे बघत बसायच्या. "शैला, मला मिळत नाही, त्यांना तरी पोटभर दे," असं मला म्हणायच्या. त्या रोपांना पाणी घालणं हे माझं आणखी एक काम झालं.

जूनमध्ये पाऊस लांबला. एका डायलिसिसच्या दिवशी आम्ही तीनला परतलो. अक्का आडव्या झाल्या. मी इतकी दमले होते की पाठ टेकली असती तर रात्रीपर्यंत उठले नसते. म्हणून म्हटलं, पाणी घालूनच झोपावं, आणि भर उन्हात पाइप सोडला. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं ते दिवसभर तापलेलं पाणी. हाताला चटका बसला, तरी मी तशीच ओतत राहिले. संध्याकाळी पाहिलं तर रोपं फोडणीत टाकलेल्या मेथीसारखी होऊन पडली होती.

दुसऱ्या दिवशी अक्का उठायच्या आत स्कूटी काढून नर्सरी गाठली, दोडक्याची म्हणून मिळाली ती आठ रोपं आणली आणि त्याच जागी खोचली. अक्का बाहेर आल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "रात्रीत चांगलीच वाढली की," म्हणाल्या. मी म्हटलं, राबाची माती ना अक्का. इतकं सराईत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते.

पुढे वेल चढले, फळं धरली. गुळगुळीत, शिरांचा पत्ता नाही. ती गिलकी होती, म्हणजे घोसाळी. मी गुपचूप भाजी केली, त्यांना पथ्याची अर्धी वाटी वाढली. त्यांनी सावकाश खाल्ली आणि म्हणाल्या, "दोडका छान झालाय." वीस वर्षं पेठच्या बाजारातून भाजी आणणारी बाई ही! सांगून टाकायचं ठरवलं. जाताना रिक्षात सांगू, येताना सांगू... जाताना धीर व्हायचा नाही, आणि येताना त्यांच्यात ऐकायचं त्राण नसायचं, माझ्यात बोलायचं. गणपती झाले, दसरा झाला. मग सांगायला माणूसच उरलं नाही.

परवा त्यांचं कपाट आवरायला घेतलं. साड्यांच्या खाली कॅलेंडरच्या कागदाची एक पुडी निघाली. आत काळं, चपटं बी. वेलावर वाळलेलं एखादं फळ त्यांनी कधी काढून आणलं, मला कळलंही नव्हतं. पुडीवर त्यांचं ते कचेरीतलं रेखीव अक्षर: "गिलकी. पुढच्या मेमध्ये टाकणे. पाणी संध्याकाळीच, टाकीचं तापलेलं नको. त्या दिवशी शैलाला आधी झोपू द्यायला हवं होतं."

त्यांच्या पलंगाजवळची खिडकी मागच्या अंगणातच उघडते. मी पुडी उशाशी ठेवली, कपाट तसंच उघडं टाकलं, आणि अक्कांच्या पलंगावर आडवी झाले. दिवेलागण झाली तरी मला कुणी उठवलं नाही.