पाळी जाताना

भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मी तपासणीच्या टेबलावर होते. कुठल्या पार्टचं भोक किती एमएमचं, हे ड्रॉइंग न बघता सांगायचे. सुपरवायझरसुद्धा मलाच विचारायचे.

पन्नाशीच्या तोंडावर पाळी पुढेमागे व्हायला लागली आणि आकडे जिभेवर येईनात. मोजमापाचं गेज कशाला उचललं, तेच आठवेना. माझ्या आईला म्हातारपणी माणसं ओळखू येत नव्हती. वाटलं, आपलंही तेच सुरू झालं. चुकीचा माल हातून जाण्याआधी मी राजीनामा दिला.

कंपनी दरवर्षी आमचे डोळे, कान, साखर तपासायची. पाळीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. टेबलावर आम्ही सगळ्या बायकाच होतो, तरी!

वर्षभरानं दिघीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, पाळी जाताना इस्ट्रोजेन कमी होतं, त्याचा आठवणीवरही परिणाम होतो. बऱ्याच जणींचं नंतर सावरतं."

सावरलंच की. आता भाजी चिरताना सगळी मापं धडाधड आठवतात. जुनं ड्रॉइंग सापडलं नाही की सुपरवायझर अजूनही फोन करतात, "ताई, ते भोक कितीचं हो?" मी तिथल्या तिथे सांगते. मग ते घाईनं फोन ठेवतात. त्यांची शिफ्ट चालू असते.