सामाईक भिंत

ही गोष्ट मी आयुष्यभर अर्धीच सांगत आलो. भिलाईच्या क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी नागपूरकडचं एक ख्रिस्ती कुटुंब होतं आणि नाताळनंतर ते आपल्या घराला आशीर्वाद देत, तेव्हा आमचंही घर त्यात असे, इतकंच नातवंडांना ठाऊक आहे. ते खोटं नाही. पण पहिल्या वर्षी आमचं दार बंद होतं आणि ते मी लावलं होतं, हे सांगायचं मी टाळत राहिलो.

पोलाद कारखान्याची पहिली भट्टी नुकती पेटली होती. नव्या भिंतींमधून ओल्या चुन्याचा वास अजून जात नव्हता. रुआबांध्याकडच्या शेतांवर अंधार उतरू लागला की कारखान्यावरचं आभाळ पुन्हा तांबडं होई, जणू मावळलेला दिवस काही विसरला म्हणून परत आला आहे. जानेवारीतल्या अशाच एका संध्याकाळी शेजारच्या जोसेफभाऊंनी चर्चमधून आणलेल्या खडूनं चौकटीवर नव्या वर्षाचे आकडे लिहिले, आणि त्यांच्यामध्ये बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन ज्ञानी पुरुषांची आद्याक्षरं. मग खोल्याखोल्यांतून पवित्र पाणी शिंपडलं गेलं, ऊद दरवळला, आणि मार्थावहिनी तांब्या घेऊन आमच्या दारात आल्या. आत आमची कुंदा तापानं फणफणली होती.

"भाऊ, भिंत तं एकच हाय. पोरीच्या खाटेपाशी दोन थेंब शिंपडू का?"

"आमची पूजा झाली हाय," मी म्हणालो.

"देव का नळाचं पाणी हाय, तुमची लाइन निराळी अन् आमची निराळी?" त्या हसून म्हणाल्या.

मी हसलो नाही. गावाकडं कळलं तर लोक काय म्हणतील, एवढीच माझी भीती. तिलाच मी धर्म समजत होतो. दार लावून वळलो तेव्हा माझी बायको सुमन कुंदाला छातीशी धरून माझ्याकडं नुसती पाहत होती.

थोड्या वेळानं खाटेमागच्या भिंतीवर, पलीकडून, थेंब पडल्याचा अस्फुट आवाज आला. मग तळहात टेकल्याचा. आणि त्या पातळ भिंतीतून वहिनींचा संथ स्वर येऊ लागला. त्या नावं घेत होत्या. कुंदाचं, सुमनचं, आणि क्षणभर थांबून, माझं. मी नकळत भिंतीवर हात ठेवला. ती गार होती, आणि आतून थरथरत होती. ती कारखान्याची घरघर असेल. पण त्या क्षणी मला हात काढून घेता आला नाही.

कुंदाचा ताप औषधानं उतरला. त्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पुढं कुठल्याच जानेवारीत वहिनींनी मला विचारलं नाही, आणि एकाही जानेवारीत ती भिंत वगळली नाही.

त्यांची बदली झाली तेव्हा सामान ट्रकवर चढवायला मी गेलो. वाक्य मनात तयार होतं: वहिनी, त्या दिवशी दार लावलं, ते चुकलं माझं.

"भिंतीले सांभाळजा, भाऊ," त्या ट्रकमधून म्हणाल्या.

माझ्या हातात दोरीचं टोक होतं. ते ओढत मी म्हणालो, "दोरी घट्ट बांधली हाय, वहिनी. आता काई पडत नाई."