मामीने घासलेली पिस्तुलं

माझा मामा दातांच्या कवळ्या बनवायचा. चार-पाच डेंटिस्टांचं काम त्याच्याकडे यायचं. मागच्या खोलीत प्लास्टरचे साचे, गुलाबी मेणाच्या वड्या आणि कवळ्यांना चकाकी आणायचं, फिरत्या चाकाचं पॉलिशचं यंत्र. हात एवढा हलका, की त्याची कवळी बसवलेलं माणूस तासाभरात ती विसरून जायचं. हा झाला पोटापाण्याचा धंदा. त्याचा जीव होता पुढच्या खोलीत.

तिथे काचेच्या कपाटांत अकरा पेट्या होत्या. महोगनीच्या, आतून हिरव्या कापडाचे कप्पे केलेल्या, आणि प्रत्येकीत दीड-दोनशे वर्षांपूर्वीची जोडपिस्तुलं. सोबत गोळ्या ओतायचा साचा, नळी साफ करायची काडी आणि बंदुकीची दारू ठेवायची तांब्याची कुपी. खालच्या फळीवर चांदीच्या बारीकसारीक वस्तू: तपकिरीच्या डब्या, काड्यापेटीची कव्हरं, शिवताना बोटात घालायची अंगुस्तानं. चाळीस वर्षं त्याने एकेक वस्तू शोधून जमवली होती. मामीला कपाटाची बाहेरून काच पुसायची परवानगी होती. आतल्या वस्तूंना हात लावायची नाही.

"तुझ्या हाताला घाम असतो," तो म्हणायचा. संपलं.

महिन्यातून एका रविवारी त्याच्यासारखेच छंदिष्ट चार-पाच जण जमायचे. त्यांत एक वकील होते, घरातही टोपी घालून बसणारे. मामी चहा घेऊन आली की मामाचा खेळ सुरू व्हायचा. तो दोन्ही हातांत एकेक कुपी धरायचा, एक अस्सल जुनी, एक हल्लीची नक्कल.

"सांग पाहू, खरी कुठली?"

मामी ट्रे हातात धरून उभी राहायची आणि एक दाखवायची. ती चुकायची. मंडळी हसायची. हा खेळ मी लहानपणापासून पाहिलाय. एकदा तिने बरोबर कुपी दाखवली. मला ती ओळखू यायची, कारण मामाने मला हौसेने शिकवलं होतं. मामाने तिच्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "छे! चाळीस जन्म घेतलेस तरी नाही जमणार." पुन्हा हशा. मीही हसले. मी तेव्हा चांगली पंचवीस वर्षांची होते, बँकेत नोकरीला होते.

मामीच्या आईची एक चांदीची डबी होती, सुपारीएवढी. ती त्याने एका व्यापाऱ्याला दिली आणि बदल्यात कुपी आणली. मामीने विचारलं तेव्हा म्हणाला, "तिच्यावर कारागिराचा ठसा नव्हता गं. नुसता पत्रा होता तो." मामी आत गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यावरूनही तो पाहुण्यांसमोर विनोद करायचा. ते मी इथे लिहीत नाही.

एका सकाळी कवळी घासता घासता मामा यंत्रावरच कोसळला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. तीन आठवड्यांनी घरी आणला तेव्हा डॉक्टर मामीला म्हणाले, "त्यांना सगळं कळतंय. फक्त बोलता येत नाही."

"सगळं?" मामीने विचारलं.

"सगळं."

पलंग पुढच्या खोलीत लावायचं मीच सुचवलं. म्हटलं, आपली कपाटं बघत पडेल, बरं वाटेल त्याला.

मामीने त्याचं सगळं केलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, चमच्याने पातळ भात भरवायचा, हनुवटी पुसायची, खालचं-वरचं सगळं एकटीने. मी रविवारी जायची, तास-दीड तास बसायची, फळं ठेवायची आणि निघायची.

अशाच एका रविवारी गेले तर मामी पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मामाचं सर्वांत जुनं पिस्तूल, आणि हातात पॉलिश पेपर. नळीवरचा तपकिरी रंग जाऊन लोखंड आरशासारखं झालं होतं. तो रंग म्हणजे गंज नव्हे. कारागिरानेच मुद्दाम चढवलेला असतो, आणि तो गेला की संग्रह करणाऱ्यांच्या लेखी वस्तू मेली. नळीवर कोरलेलं कारागिराचं नावही पुसट झालं होतं.

"बघा तरी, किती घाण साचली होती," मामी त्याला म्हणाली आणि पिस्तूल त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

मामाच्या घशातून आवाज निघाला. डावा हात गादीवर आपटायला लागला. डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरलं. मी म्हणणार होते, मामी, थांब. पण तेवढ्यात व्यायाम करून घेणारी बाई आली, तिने तो हात पाहिला आणि खूश झाली. "अरे वा! हालचाल वाढलीय की! यांच्या आवडीच्या वस्तू रोज दाखवत जा हं."

"दाखवीन," मामी म्हणाली.

पुढच्या रविवारी त्याच पेटीतलं दुसरं पिस्तूल पांढरं झालं होतं.

मग तिने यंत्र चालवायला घेतलं. आयुष्यभर त्याला चालवताना पाहिलेलं, शिकायला वेळ लागला नाही. चाकाला प्युमिस दगडाची खरखरीत पूड लावायची आणि वस्तू टेकवायची. भिंतीपलीकडे चाकाची घरघर सुरू झाली की मामा डोळे गच्च मिटून घ्यायचा. तांब्याच्या कुप्यांवर उठावाची कुत्री आणि पाखरं होती, ती सपाट झाली. चांदीच्या डब्यांवरचे ठसे गेले. झालेली प्रत्येक वस्तू ती आणून त्याला दाखवायची, मग जागेवर ठेवून त्याला सूप पाजायची. सुपावर फुंकर घालायला ती एकदाही विसरली नाही.

टोपीवाले वकील चौथ्या महिन्यात भेटायला आले. कपाटासमोर उभे राहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, हे काय केलंत?"

"साफ केलं."

त्यांनी मोजून पाहिलं, चार पेट्या अजून शाबूत होत्या. मित्राकडे पाठ करून ते म्हणाले, "उरलेलं मला देऊन टाका. याला आता काय उपयोग?" मामाला सगळं ऐकू जात होतं.

"त्यांच्या वस्तू आहेत," मामी म्हणाली. "ते असेपर्यंत द्यायच्या नाहीत."

वकील पुन्हा आले नाहीत. बाकीचे तर एकदाही फिरकले नव्हते.

वकील आले त्याच दिवशी मी स्वयंपाकघरात तिला गाठलं. ती मटार सोलत होती.

"मामी, खरं सांग. रंग काढायचा नसतो, हे तुला माहीत होतं?"

"पहिल्या पिस्तुलाला नव्हतं माहीत," ती म्हणाली. शेंगेतून दाणे वाटीत पाडले. "मला वाटलं, खरंच घाण आहे. कोणी सांगितलं होतं मला? त्यांचा डोळा भरला तेव्हा कळलं. दुसरं मी माहीत असताना घेतलं."

मी बाहेर आले तर मामाने डाव्या हाताने माझी बाही पकडली. त्या हातात अजून ताकद होती. तो कपाटाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, पुन्हा कपाटाकडे. त्याला काय हवंय ते लहान पोरालाही कळलं असतं. किल्ली कपाटालाच होती. चार पेट्या मी रिक्षात घालून घरी नेऊ शकले असते.

पण मामी भांडली असती, तर म्हणाली असती, मग त्यांनाही ने. आणि मला न्यायचं नव्हतं. मी त्याची बोटं एकेक करून सोडवली, हात चादरीखाली घातला आणि चप्पल घालून निघाले.

मामा त्यानंतर दहा महिने जगला. अकराच्या अकरा पेट्या घासून झाल्या. कपाटं बाजूला करू का म्हणून मी एकदा विचारलं होतं. मामी म्हणाली, "नको, त्यांना बघायला आवडतं." शेवटच्या दिवसांत तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि दर दोन तासांनी मामी त्याची कूस बदलायची, नियमाप्रमाणे.

तो गेला तेव्हा डॉक्टरांनी पाठ तपासली. चौदा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला एक जखम नव्हती. "अशी सेवा मी पाहिली नाही," ते सगळ्यांसमोर म्हणाले. शेजारणींनी डोळे पुसले. मामीने मान खाली घातली, आणि डॉक्टरांबरोबर आलेल्या नर्सला विचारलं, चादरी आजच धुवायला टाकू ना.

पिस्तुलं एका नाटक कंपनीने नेली. लांबून चमकतात म्हणून त्यांना फार आवडली. मागच्या खोलीत मामीने एक भाडेकरू ठेवलीय, शिवणकाम करणारी. मी अजून रविवारी जाते. मामी चहा करते, आम्ही भाज्यांचे भाव आणि तिच्या गुडघ्याबद्दल बोलतो. परवा ती सहज म्हणाली, "तू शिकलेली ना गं त्यांच्याकडून सगळं? मग त्या दिवशी मला थांबवलं का नाहीस?"

मी म्हटलं, चहा निवतोय, मामी.