बिरड्यावरचा खटला

पेणला माझ्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते आतल्या आत फुटलेलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, ‘ताप आला, पोट दुखलं, तर लगेच घेऊन या.’ रोह्याला आमच्या घरी मात्र डॉक्टरांपेक्षा अनुभवी मंडळी आधीच जमलेली. पोटाला टाके असताना भात, डाळ, वांगं, वाल काही द्यायचं नाही, पू धरतो, असा त्यांचा हुकूम. नऊ वर्षांची पोर दुधात भाकरी कुस्करून खात बसायची.

तरी ताप आलाच. मग तपास सुरू झाला. माझ्या आईने निडीहून आणलेलं वालाचं बिरडं पोरीने चाखलं होतं, हे सासूबाईंनी शोधून काढलं. एवढी चौकशी पोलीसही करत नाहीत. ‘माहेरचं बिरडं बाधलं गो हिला,’ असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या. प्रत्येक पाहुणा फ्रॉक वर करून टाके बघे. टाके कोरडे, स्वच्छ. धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आलेले आमचे हेही वाकून बघत आणि म्हणत, ‘पू कुठं हाय? साधा ताप असंल.’ पू बाहेर दिसला तरच तो पू, हा आमच्या घरचा कायदा.

मुलीला विचारावं तर ती म्हणे, ‘नाय दुखत.’ पण चालताना ती पोट धरून वाकायची आणि सारखी संडासला पळायची. बिरड्याचेच जुलाब, असा पुढचा निकाल लागला. मला मात्र आता भीती वाटायला लागली. सासूबाई दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधत होत्या, तेवढ्यात मी भाड्याची गाडी बोलावली आणि पोरीला घेऊन पेण गाठलं.

सोनोग्राफीत दिसलं. ओटीपोटात, आतड्यांच्या मागे पू साठला होता. डॉक्टर म्हणाले, ‘अपेंडिक्स फुटलं होतं, त्याचाच हा पू. बारीक नळी घालून काढू. नाहीच निघाला तर पुन्हा पोट उघडावं लागेल.’ मागोमाग येऊन पोचलेल्या सासूबाईंनी विचारलं, ‘वाल खाल्लान म्हणून ना?’

‘वालाचा काही संबंध नाही. पोर अशक्त झालीय, नंतर तिला नीट खायला घाला.’

सासूबाईंना ते पटलं नाही. डॉक्टर वयाने लहान होते ना.

नळीतून पू निघत राहिला, सलाईनमधून औषधं चालू राहिली आणि ताप हळूहळू उतरला. पुन्हा पोट उघडावं लागलं नाही. एका सकाळी नर्सबाईंनी नळीच्या बाजूला हलकेच दाबून विचारलं, ‘दुखतं का गो?’

मुलीने आधी दाराकडे पाहिलं. आजी चहा प्यायला गेली होती. मग तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानात म्हणाली, ‘आई, मला पहिल्यापासून दुखत होतं. सांगितलं असतं तर आजी निडीच्या आजीला अजून बोलली असती.’