मालक वर असतात

मी निघाले त्या दिवशी आई केळीला पाणी लावत होती. रिक्षा दारात उभी, बाबांनी पत्र्याची पेटी चढवलेली, वाडीतल्या बाया गळाभेटीला जमलेल्या, आणि आई मात्र बागेत. नव्वदनंतरचं पहिलं-दुसरं वर्ष असेल. जोगीण म्हणून अखेरची व्रतं घेऊन, बोटात नवीकोरी चांदीची अंगठी घालून मी आठवडाभर वसईला घरी राहिले होते आणि आता दौंड तालुक्यात पहिल्या नेमणुकीवर चालले होते. शेवटी मीच पाटातून पाय भिजवत तिच्यापर्यंत गेले. वर न बघता ती म्हणाली, "लग्न होऊन गेलेल्या पोरीला एक सासर असतं, एक माहेर असतं. सासरी बिनसलं तर ती माहेरी येऊन रडते तरी. तुला काय गं, फिलू? ना सासर, ना माहेर."

प्रवचनात देण्याजोगी उत्तरं माझ्याकडे पुष्कळ होती, पण आईपुढे ती चालत नाहीत. तिने हात धुतले, घरात आली आणि सुक्या बोंबलांची एक जाडजूड पुरचुंडी पेटीत व्रतांच्या प्रार्थनापुस्तकाशेजारी कोंबली. त्या वासामुळे कल्याण ते दौंड अख्खं बाक मला एकटीला मिळालं. पण आईचं ते वाक्य बोंबलांपेक्षा चिवट निघालं. पुढे कितीतरी वर्षं ते माझ्याबरोबर राहिलं.

तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्याच पेटी घेऊन निघाल्या, कुणी नवऱ्यामागे, कुणी नोकरीमागे, कुणी मठात, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. जे वाडीतच राहिले त्यांना एवढंच सांगते, की आम्ही गेलो म्हणजे सुटलो असं नाही.

नेमणुकीचं गाव राहू गावाच्या अलीकडे. चहूकडे ऊस. थंडीत गुऱ्हाळं लागली की हवासुद्धा गोड लागायची. मी समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेली. सुरुवातीचे दिवस खारट हवेची आठवण काढत गेले. आम्ही तिघी सिस्टर होतो: आमच्या मुख्य सिस्टर केरळच्या, स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर मंगळूरची आणि मराठी येते म्हणून दवाखान्यात मी. मराठी येते हा माझा गैरसमज पहिल्या सकाळीच दूर झाला. 'कवा', 'म्होरं', 'कळ मारतीया' हे सगळं मी मंगलकडून शिकले. मंगल गावातल्या बौद्ध वस्तीतली, दवाखान्यात मदतीला यायची. 'फिलोमिना' हे नाव गावाने दोन दिवस तोंडात घोळवलं आणि तिसऱ्या दिवशी मला 'फुलाबाई' करून टाकलं.

पहिलीच पेशंट कोंडाबाई. मोठ्या बागायतदाराची आई, गावात तिच्या शब्दाला वजन. खोकल्याचं औषध घेतलं आणि माझ्या अंगठीकडे बघत तिने विचारलं, "मालक कुठं असत्यात?"

मालक म्हणजे नवरा, एवढं मला समजलं. अंगठी येशूच्या नावाची, व्रतं ताजी होती, उत्साह उतू जात होता. मी हसून बोट आभाळाकडे केलं. "वर असतात."

कोंडाबाई माझ्याजवळ सरकली. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "आरं देवा. इतक्या कवळ्या वयात."

मला वाटलं, माझ्या त्यागाचं तिला कौतुक वाटलं. त्या दिवशी मी जरा तोऱ्यातच होते.

गावाने आमचे फार लाड केले. कुणी मेथीची जुडी आणून ठेवायचं, कुणी गुळाची ढेप, कुणी तांब्याभर दूध. मी मोपेड शिकले, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला खोचून वस्त्या-वस्त्यांवर फिरले, उसाच्या फडात कोयत्याने कापून घेतलेल्या बायांची बोटं शिवली, आणि इतकी बाळंतपणं केली की गावात दोन मुलींची नावं फुला ठेवली गेली. शिरूरला आमच्या मठाचं दुसरं घर होतं. तिकडून औषधं आणायची, वाटेत न्हावऱ्याला थांबून चहा प्यायचा, ही माझी सहल. आनंदात होते मी, अगदी पोटभर.

फक्त संक्रांतीला टोचायचं. बाया नव्या साड्या नेसून हळदीकुंकवाला एकमेकींच्या घरी जायच्या आणि आम्हा तिघींना तिळगूळ यायचा तो मंगलच्या हाती, पुडीत बांधून. बोलावणं कधीच नाही. ख्रिस्ती म्हणून असेल, अशी मी मनाची समजूत घालायची. तेव्हा आई आठवायची. ना सासर, ना माहेर.

एसटीडी बूथवरून मी घरी फोन करायचे तेव्हा मात्र आई हसून लोटपोट व्हायची. ती काही विचारायची आणि माझ्या तोंडून 'व्हय' निघून जायचं. "कोण बोलतंय?" ती म्हणायची. "आमची फिलू कुठे आहे? तिला द्या."

दोन हजार साल उलटून गेल्यावर माझी बदली खानदेशात झाली. निघायच्या सकाळी आवारात बाया जमल्या. कोंडाबाई हातात सूप घेऊन फाटकाशीच थांबलेली, आत येईना. बायांची आपसात कुजबुज चाललेली. मी मंगलला विचारलं.

"कोंडाबाईला तुमची वटी भरायचीया," मंगल म्हणाली. "पर बाया म्हणत्यात, भरता येत न्हाई."

"मी ख्रिस्ती म्हणून?"

"त्येचं काय न्हाई ओ." ती अडखळली. "तुमच्या मालकाचं असं झाल्यालं..."

"कसं झालेलं?"

"वर गेल्यालं. तुम्हीच तर सांगितलं व्हतं पहिल्या दिशी."

पांढरी साडी, मोकळं कपाळ, बोटात अंगठी आणि मालक वर. इतकी वर्षं सगळं गाव आम्हा तिघींना विधवा समजत होतं. त्या मेथीच्या जुड्या, त्या गुळाच्या ढेपी, ते दूध, सगळं तीन दुर्दैवी पोरींसाठी होतं. मंगलसुद्धा एवढी वर्षं सोबत राहून कधी काही बोलली नाही. का, तर "दुखऱ्या जागी कशाला हात लावायचा?" मी पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मुख्य सिस्टरांना समजावून सांगावं लागलं, त्यामुळे त्या जरा उशिरा हसायला लागल्या, पण मग थांबेचनात.

मी फाटकाशी गेले. "आजी, माझे मालक आहेत."

"तूच म्हणलीस, वर गेलं."

"मेले होते. तिसऱ्या दिवशी उठले."

कोंडाबाईने यावर नीट विचार केला. "मंग आता हायेत न्हवं?"

"आहेत."

"मारत्यात? दारू पित्यात?"

"नाही." काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला ती गोष्ट मी त्या दिवशी मधे आणली नाही.

"मंग तू सवाष्णच की गं," ती बायांकडे वळून म्हणाली, "आन् लेकच हाय आपली. सरा बाजूला."

गाडीची वेळ झाली होती, म्हणून एसटीच्या थांब्यावरच माझी ओटी भरली गेली. ओटी तांदळाची असते असं मी वसईत शेजारच्या घरी पाहिलं होतं. इथे गहू होते, नारळ होता, हळकुंड होतं. रंगीत खण मी वापरणार नाही हे ओळखून मंगलने पांढरा आणला होता. "आमच्यात आता ह्ये करत न्हाईत," ती हळूच म्हणाली, "पर लेकीला रिकाम्या पदरानं कसं धाडायचं?" बौद्ध मंगलचा खण आणि कोंडाबाईचे गहू एका ख्रिस्ती जोगिणीच्या पदरात पडले. मी तिथेच रडले. लाज वाटली नाही.

पदर सांभाळत मी खिडकीशी बसले. गाडीचं इंजिन सुरू झालं तशी कोंडाबाई पत्र्यावर थापा मारायला लागली. "आगं, समदं घिऊन चाललीस? दाणं टाक माघारी. चार दाणं माघारी टाकायचं असत्यात, तवा लेक परत येती."

लग्न होऊन जाणाऱ्या पोरींना हे शिकवतात, मला कुणी शिकवलं नव्हतं. मी मूठ भरली आणि खिडकीतून गहू उधळले. चार कसले, चांगले मूठभर. "सिस्टर, स्टँडावर समद्या कोंबड्या गोळा केल्या तुम्ही," कंडक्टर कुरकुरला, पण घंटी मारायला त्याने उशीर केला.

आज मी खानदेशात आहे. इथली भाषा पुन्हा नव्याने शिकले आहे. मी कुठली असं कुणी विचारलं की वसईचं नाव ओठावर येतं आणि पाठोपाठ उसाचा वास येतो. सुटी मिळाली की चार दिवस वसई आणि चार दिवस ते गाव. तिथे फुला नावाच्या त्या दोन मुली मला थांब्यावर घ्यायला येतात आणि संक्रांतीला गेले तर कोंडाबाईच्या सुना हळदीकुंकवाला हाताला धरून नेतात. कुंकू मी लावत नाही, तिळगूळ खाते. "मालक बरं हायेत न्हवं?" असं सगळ्या जणी हटकून विचारतात.

त्या बदलीच्या वेळी, खानदेशात जाण्याआधी, मला आठवडाभर घरी राहायची परवानगी होती. आईसमोर मी पदरात बांधलेली ती ओटी सोडली. तिने गहू हातात घेऊन बघितले, नारळ वाजवून पाहिला, पांढरा खण मांडीवर ठेवून त्याच्या घड्या सरळ केल्या. शेवटी, केळीच्या बागेतल्या त्या दिवसासारखीच, वर न बघता म्हणाली, "दाणे माघारी टाकलेस ना?"

"व्हय," मी म्हटलं.

या वेळी ती हसली नाही. खण माझ्या हातात देत म्हणाली, "मग आहे गं तुला माहेर."