तिकीट खिडकीतला म्हातारा संगणक
नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीतला संगणक इतका म्हातारा, की एक तिकीट काढताना त्याला धाप लागायची. तेवढ्या वेळात खिडकीतल्या मावशी समोरच्या प्रेक्षकाला विचारायच्या, "मागचं नाटक कसं वाटलं?" नवा संगणक परवडेना, म्हणून खिडकीच बंद व्हायची वेळ आली. तेव्हा मावशींच्या भाचीने त्याच यंत्रावर जुन्या संगणकालाही झेपणारी, फुकट मिळणारी, कुणालाही उघडून बदलता येणारी प्रणाली बसवली.

"फुकट? शिवाय आत डोकावूही देतात?" मावशींनी खुर्ची पुढे ओढली. "दाखव बघू!"

दुसऱ्या दिवशी तिकीट चुटकीसरशी बाहेर आलं. खिडकी वाचली, पण आता गप्पा कधी मारायच्या?

नेहमी नाटकाला येणारे मास्तर तिकीट घेऊनही हलेनात. "का हो मावशी, आज विचारायचं नाही वाटतं?"

"विचारते की! आधी ही आतली गंमत बघा," म्हणत मावशींनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मागची रांग पुन्हा पहिल्यासारखीच खोळंबली.