घाट चढणाऱ्या ट्रॅक्टरला टर्बो

माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान घाटाखाली लामत्याला आहे आणि माझी मोठी बहीण वर पठारावर राहते. मधे घाट. भाऊजी गेल्यापासून शेती ती आणि तिची सासू अशा दोघीच पाहतात. बहीण ट्रॅक्टर चालवते, सासू शेजारी मडगार्डवर बसते. धान घेऊन खाली यायचं, बाजार करायचा, खत आणि कोंडा ट्रॉलीत टाकून उजेडात घरी पोचायचं, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मागच्या पावसाळ्यानंतर बहीण एकटीच यायला लागली.

"मावशी काहून नाही आली?" मी तिच्या सासूचं विचारलं.

"धूर लागते म्हणे तिले. घाटात सारा तोंडावरच येते ना." ती अजून सीटवरच होती. "काही तरी कर बाबू. एकटीनं घाट चढाले मले करमत नाही."

ट्रॅक्टर छोटा, तीन सिलेंडरचा, बराच चाललेला. मी एअर फिल्टर बदलला, नोझल तपासले, पंप पाहिला. सपाटीवर धूर दिसेना, पण भरलेली ट्रॉली घेऊन चढाला लागलं की पुन्हा काळा लोट. आमचं पठार म्हणजे काही हिमालय नाही, तरी वर हवा थोडी पातळ होते आणि जुन्या इंजिनाला तेवढंही जाणवतं. डिझेल पोटात जातं, ते जाळायला हवा पुरत नाही. मी तिला टर्बोबद्दल सांगितलं.

"ते काय राह्यते?"

"पंखा राह्यते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरते, अन् इंजिनात हवा ढकलते."

"म्हणजे धूरच धुराले मारते?"

"हौ. तसंच समज."

गोंदियाच्या भंगार बाजारात एका लहान पिकअपचा टर्बो मिळाला. पाती शाबूत होती, दांडा ढिला झाला नव्हता. तो बसवायला लोखंडाची जाड पट्टी कापून भोकं पाडली, इंजिनापासून तेलाची नळी आणली आणि तेल परत जायला खालच्या चेंबरला नळी जोडली. ही परतीची नळी मी बारीक घेतली होती. चालू केल्यावर तेल तुंबलं आणि काळ्याऐवजी निळा धूर निघाला. बहीण दुकानातल्या स्टुलावर बसून फोनवर सासूला सांगत होती, "आता निळा येऊन राह्यला. नाही, चांगला नाही. उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी जाड नळी लावली, तेव्हा निळा धूर थांबला.

मग ट्रॉली भरून आम्ही घाटाला लागलो. मी मडगार्डवर बसलो होतो. जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे ती तिसऱ्यावर चढली. बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि सायलेन्सरवर नुसती करडी झाक.

"पंपातून अजून डिझेल वाढवून दे ना," ती म्हणाली. "मंग तर उडूनच जाईन."

"उडशील, पण इंजिनाचं हेड जाईल. पंपाले हात लावाचा नाही."

घरी सासू अंगणात तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं, सायलेन्सरकडे पाहिलं. "बरं केलं बाबू," एवढंच म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. पुढच्या बाजाराला मात्र बहीण पुन्हा एकटीच आली. तोंड उतरलेलं. सामान भरून झाल्यावर मला म्हणाली, "तूच चाल आता अन् विचार तिले."

विचारायची पाळी माझ्यावर आलीच नाही. ट्रॅक्टर अंगणात उभा राहताच बहीण कडाडली, "आता धूर बी नाही. मंग काहून येत नाही तुम्ही, आत्याबाई?"

सासूने पदर सारखा केला. "माहे गुडघे वर चढत नाहीत. शेवटी आली त्या बाजारी तुह्या हाताले लटकून चढली, सारे पाहात होते."

"मंग धुराचं काहून सांगितलं?"

"गुडघे म्हटले असते तर तू मले घरीच बसवलं असतं."

ट्रॉलीतली पोती तशीच ठेवून बहीण ओट्यावर जाऊन बसली. खरंच बसवलं असतं की नाही, ते मला माहीत नाही, बहुधा तिलाही नसावं. मी टेप काढून जमिनीपासून मडगार्डपर्यंतची उंची मोजली. सासू लांबून सांगत होती, "खालची पायरी अजून खाली घे. अजून."

पुढच्या खेपेला मी दोन पायऱ्या आणि धरायला एक दांडा वेल्डिंग करून दिला. टर्बो काढून घेऊ का, असंही विचारलं. बहीण म्हणाली, राहू दे, घाट लवकर चढते.

आता दोघी बाजाराला येतात. टर्बो लावलेलं इंजिन एकदम बंद करायचं नसतं, थंड व्हायला थोडा वेळ मंद चालू ठेवावं लागतं. बहीण तेवढ्यात उतरून पिशव्या काढते. सासू वरच बसून बाजारात कोण कोण आलंय ते पाहत राहते.